चीरघर

प्रशासकीय सेवेत येणाऱ्या तरुणाला आपल्या कामाची जी कल्पना असते तीत जमीन-महसूल असतो, कायदा-सुव्यवस्था असते, पूर, दुष्काळ आणि निवडणुका असतात. मुलाखतीत मलाही त्याबद्दलच प्रश्न विचारले गेले. परंतु नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जे काम माझ्या वाट्याला आले आणि ज्याची सल अजून गेलेली नाही, ते काम होते मृतदेहाशेजारी बसून पंचनामा लिहिण्याचे.

१९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत एखाद्या स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन झालेच पाहिजे आणि चौकशी केवळ पोलिसांवर न सोडता मॅजिस्ट्रेटने केली पाहिजे, असे तेव्हापासून ठरले. हा मॅजिस्ट्रेट म्हणजे व्यवहारात प्रांत अधिकारी किंवा तहसीलदार. हुंड्यापायी सुना जाळल्या जात होत्या, पोलिस पैसे घेऊन 'स्टोव्हचा अपघात' लिहीत होते, म्हणून कायद्याने एक तटस्थ माणूस तेथे आणून उभा केला. हेतू उत्तम होता. त्या तटस्थ माणसाला शवाकडे कसे पाहायचे हे कोणी शिकवायचे, याचा विचार मात्र कायद्यात नव्हता. मसुरीच्या प्रशिक्षणात या विषयावर आम्हाला एक व्याख्यान होते, तेही दुपारच्या जेवणानंतर.

१९९६ चा मे महिना. मी मध्य प्रदेशातील एका उपविभागाचा एस.डी.एम. होतो. सकाळी आठच्या सुमारास ठाण्यातून निरोप आला की एका वस्तीत विवाहिता जळून मेली आहे, लग्नाला तीन वर्षे झाली आहेत, साहेबांनी यावे. मी आधी घर पाहिले. स्वयंपाकघर इतके लहान की दोन माणसे एकमेकांना ओलांडून जाऊ शकणार नाहीत. पितळी पंपाचा स्टोव्ह आडवा पडलेला होता, टाकी शाबूत होती. नवरा बाहेरच्या ओट्यावर बसून होता. 'स्टोव्ह भभक गया साहब' एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. सासू रडत होती. शेजारच्या दोघांनी किंकाळी ऐकल्याचे सांगितले. तिसऱ्याने काही ऐकले नव्हते, त्याला धूर दिसला होता.

मग रुग्णालयाच्या आवारात पाच पंच बसवून पंचनामा केला. त्या नमुन्यात शेवटी एक रकाना असतो, 'पंचों की राय'. पाच माणसे, त्यांत एक पानवाला, एक निवृत्त शिक्षक, दोन शेतकरी आणि एक असाच वाटेने जाणारा, शव पाहून मृत्यूचे कारण काय असावे ते सांगतात. त्यांनी सांगितले की स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून जळाल्याने मृत्यू झालेला दिसतो, तरी खरे कारण कळण्यासाठी शवविच्छेदन व्हावे. मी खाली लिहिले, 'पंचांच्या मताशी सहमत', आणि सही केली. यात नियमाबाहेरचे काही नव्हते. मृत्यूचे 'वरकरणी दिसणारे कारण' नोंदवा, असे कायदाच सांगतो.

मुलीचे वडील दुपारी बसने पोचले. तिच्या दोन्ही मुठी वळलेल्या आणि हात कोपरात वाकून पुढे आलेले होते. ते पाहून ते म्हणाले, ही शेवटपर्यंत झगडली. मलाही तसेच वाटले. डॉक्टरांनी त्यांना समजावले की प्रखर उष्णतेने स्नायू आखडतात आणि प्रेताला ही मुष्टियोद्ध्यासारखी अवस्था येते, जिवंतपणी जळालेल्याला येते तशी मेल्यानंतर जाळलेल्यालाही येते, त्यावरून झटापट झाली असे म्हणता येत नाही. हे त्यांनी बरोबर सांगितले होते. पुढे जे लिहिणार आहे त्यावरून डॉक्टर अडाणी किंवा विकले गेलेले होते असा कोणी अर्थ काढू नये, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. ते माझ्याच वयाचे होते, बाह्यरुग्ण विभागात पन्नास-साठ माणसे त्यांची वाट पाहत होती आणि शवविच्छेदनाचे त्यांचे शिक्षण एम.बी.बी.एस. करताना ओट्याभोवतीच्या गर्दीत मागच्या रांगेत उभे राहून जेवढे होते तेवढेच होते. आपल्या देशात बहुसंख्य शवविच्छेदने न्यायवैद्यकशास्त्राचे तज्ज्ञ करीत नाहीत, असेच डॉक्टर करतात.

त्या भागात शवविच्छेदनाच्या खोलीला लोक चीरघर म्हणतात. शब्द कानाला टोचतो, पण खोटा नाही. रुग्णालयाच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली, मध्ये सिमेंटचा ओटा, एक खिडकी. वीज नव्हती. पाणी बादलीने आणायचे. बाहेर उन्हाने लोखंडी दार हात लावू देत नव्हते. डॉक्टरांनी पंचनामा शांतपणे पूर्ण वाचला, मग नाकाला रुमाल लावून दारातल्या उजेडात उभे राहिले आणि सांगू लागले; कंपाउंडर लिहीत होता. चिरण्याचे, उघडण्याचे, दाखवण्याचे काम एक वृद्ध सफाई कर्मचारी करीत होता. अर्ध्या तासात सर्व आटोपले.

मी बाहेर कडुनिंबाखाली थांबलो होतो. तो कर्मचारी हात धुवायला आला. हात धुताना, जणू स्वतःशीच बोलावे तसा म्हणाला, 'साहब, गला तो साफ था इसका.' मी मान हलवली. गळ्यावर दाबल्याची, आवळल्याची खूण नाही असा अर्थ मी घेतला आणि मनाशी थोडा आश्वस्तही झालो.

अहवाल आला. नव्वद टक्के भाजणे, जखमा मृत्यूपूर्व, मृत्यूचे कारण भाजल्यामुळे बसलेला धक्का. आतील अवयवांच्या रकान्यांत एकाखाली एक 'हेल्दी' हा शब्द लिहिलेला. व्हिसेरा राखून ठेवला नव्हता. कारण स्पष्ट असल्याने आवश्यकता नाही, असा शेरा होता. मी माझा चौकशी अहवाल त्याला जोडला आणि प्रकरण पुढे पाठवले. नंतर वडिलांच्या तक्रारीवरून हुंडाबळीचा गुन्हा नोंदला गेला. माझी बदली झाली.

२००२ साली साक्षीचे समन्स आले. बचाव पक्षाच्या वकिलांनी मला एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला. पंचनाम्यावर अपघाताचे मत आहे, 'सहमत' असे लिहिले आहे, खाली सही आपलीच ना? मी हो म्हणालो. पंचनाम्याचा हेतू फार मर्यादित असतो, तो स्वतंत्र पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच सांगितले आहे. पण मॅजिस्ट्रेटच्या सहीचा कागद न्यायालयात फडकवला की त्याचे वजन पडते ते पडतेच. डॉक्टरांची साक्ष माझ्या आधी झाली होती. जखमा मृत्यूपूर्व आहेत हे कशावरून ठरवले, असे त्यांना विचारले गेले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की एस.डी.एम. साहेबांच्या पंचनाम्यात ती पेटल्यावर ओरडत होती असे लिहिले होते.

हे मी वऱ्हांड्यात सरकारी वकिलांकडून ऐकले. त्यांनी अहवालाची प्रत उलगडली आणि एका रकान्यावर बोट ठेवले. स्वरयंत्र व श्वासनलिका: हेल्दी. 'साहब, बंद रसोई में नब्बे परसेंट जली औरत की साँस की नली हेल्दी कैसे?' तेव्हा सहा वर्षांनंतर मला त्या म्हाताऱ्याचे वाक्य आठवले आणि पहिल्यांदा कळले. तो बाहेरच्या गळ्याबद्दल बोलतच नव्हता.

आरोपी सुटले. हुंड्याची मागणी सिद्ध झाली नाही हे त्याचे मुख्य कारण, हेही सांगितले पाहिजे.

पुढे काही दिवसांनी मी भोपाळमध्ये न्यायवैद्यकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना भेटायला गेलो. त्यांनी जे सांगितले ते पाठ्यपुस्तकातलेच होते. आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत असेल तर काजळी आत ओढली जाते, स्वरतंतूंच्या खाली श्वासनलिकेत आणि तिच्या फाट्यांत काळे कण चिकटलेले सापडतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो आणि रक्त, स्नायू चेरीसारखे लाल दिसतात. रक्ताचा नमुना ठेवला तर त्याचे प्रमाण मोजता येते. आधी गळा आवळून किंवा विष देऊन मारले आणि मग रॉकेल ओतले, तर हे काही आढळत नाही. म्हणूनच जळालेल्या शवात व्हिसेरा राखणे अधिकच गरजेचे. मी विचारले, मग 'हेल्दी' याचा अर्थ ती आधीच मेलेली होती असा घ्यायचा का? ते म्हणाले, 'हेल्दी' याचे दोन अर्थ होतात. एक, नलिका उघडली आणि स्वच्छ आढळली. दोन, उघडलीच नाही. तुमच्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावरून ती उघडली असावी. पण भडका एकदम मोठा असेल आणि मृत्यू फार लवकर आला असेल तर काजळी अगदी थोडी असते किंवा नसतेही. रक्त ठेवले असते तर सांगता आले असते.

मग त्यांनी विचारले, डॉक्टरांनी पंचनामा केव्हा वाचला? सुरीला हात लागण्याआधी की नंतर? आधी, असे मी म्हणालो. ते म्हणाले, 'मग शव कशाला उघडले?'

या प्रश्नाभोवती मी पुढची कितीतरी वर्षे घुटमळत राहिलो. मृत्यूचे कारण शवाकडून कागदाकडे यायला हवे. आपल्याकडे ते बहुधा कागदाकडून शवाकडे जाते. पाच पंचांचे मत मॅजिस्ट्रेटच्या सहीने भारदस्त होते, ते वाचून डॉक्टर ओट्याजवळ येतात, त्या मताला विरोध करणारे काही ठळकपणे समोर आले नाही की तेच मत वैद्यकीय भाषेत परत लिहिले जाते, आणि न्यायालयात दोन कागद एकमेकांना दुजोरा देतात. वस्तुतः तो एकच कागद असतो.

ही केवळ आपल्या मागासलेपणाची गोष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. २०२१ साली जर्नल ऑफ फोरेन्सिक सायन्सेस या नियतकालिकात इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यात १३३ न्यायवैद्यक विकृतितज्ज्ञांना एका बालकाच्या मृत्यूची काल्पनिक माहिती दिली होती. वैद्यकीय निष्कर्ष सर्वांना सारखेच. फरक एवढाच की काहींना सांगितले की मूल कृष्णवर्णीय आहे आणि आईच्या मित्राच्या ताब्यात होते. इतरांना सांगितले की मूल गोरे आहे आणि आजीजवळ होते. पहिल्या गटात खून ठरवणारे अपघात ठरवणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक निघाले. दुसऱ्या गटात कल उलट होता. या अभ्यासावर त्या व्यवसायातल्या लोकांनी कडाडून टीका केली. मूल कोणाजवळ होते ही माहितीही निदानासाठी लागतेच, तिला पूर्वग्रह कसे म्हणता, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य आहे. पण ज्या देशात स्वतंत्र शवचिकित्सक आहेत, प्रयोगशाळा आहेत, तेथे जर आधी ऐकलेली हकीकत निष्कर्षाला वळण देत असेल, तर खिडकीच्या उजेडात, रुमाल नाकाला लावून दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांकडून आपण काय अपेक्षा करावी?

त्या प्राध्यापकांशी बोलताना गॅसकांडाचा विषय निघणे अपरिहार्यच होते. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. हमीदिया रुग्णालयात प्रेतांचा खच पडला. गांधी मेडिकल कॉलेजचे न्यायवैद्यक विभागप्रमुख डॉ. हीरेश चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदने सुरू केली. तेथे वाचायला पंचनामा नव्हता. कशाने मेले हे कोणालाच सांगता येत नव्हते, कंपनी नीट सांगत नव्हती. त्यामुळे शवच वाचावे लागले. रक्त आणि अवयव चेरीसारखे लाल दिसले. धुराचा प्रश्न नव्हता, तेव्हा डॉ. चंद्रांना सायनाइडची शंका आली, आणि सायनाइडवर सोडियम थायोसल्फेट हा उतारा ठाऊक होता. मॅक्स डॉन्डरर नावाचे जर्मन विषतज्ज्ञ ते औषध घेऊन आलेही. पण त्याच डिसेंबरात राज्याच्या आरोग्य खात्याचे फर्मान निघाले की प्रयोगशाळेत सायनाइड निर्विवाद सिद्ध झाल्याखेरीज हे औषध देऊ नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचणी घेऊन फेब्रुवारी १९८५ मध्ये त्याच्या वापराची शिफारस केली, तोवर निकडीचे दिवस उलटून गेले होते. सायनाइडचा वाटा किती होता यावर शास्त्रज्ञांत पुढेही मतभेद राहिले, आणि मी त्यात निवाडा देणारा कोण? माझ्यातल्या प्रशासकाला टोचते ते वेगळेच. त्या शवविच्छेदनांवर आणि विषतपासण्यांवर आधारलेला, डॉ. श्रीरामाचारी यांच्या दीर्घ परिश्रमांचा तांत्रिक अहवाल परिषदेने छापला २०१० साली. ओट्यावर जे पहिल्या दिवशी दिसले, ते छापील कागदावर यायला पंचवीस वर्षे लागली. अपघाताच्या पंचनाम्यावरची माझी सही मात्र तासाभरात झाली होती.

आता त्या म्हाताऱ्याविषयी. १८३६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी मानवी शवाचे विच्छेदन केले. परंपरेने वैद्य असलेल्या, संस्कृत शिकलेल्या माणसाने प्रेताला हात लावला याचे तेव्हा केवढे अप्रूप झाले, त्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. परंतु जिल्ह्या-तालुक्यांतून पाहिले तर हात पुन्हा जिथल्या तिथे गेला आहे. सुरी ज्यांच्या हाती असते ते बहुतेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणाऱ्या जातींतले असतात. बंगालमध्ये तर या पदाला 'डोम' या जातिनामानेच ओळखतात. कोलकात्याच्या नीलरतन सरकार रुग्णालयाने २०२१ साली अशा सहा जागा काढल्या, तेव्हा सुमारे आठ हजार अर्ज आले आणि अर्जदारांत अभियंतेही होते. त्यावर वृत्तपत्रांनी बेकारीबद्दल लिहिले. मला प्रश्न पडला तो निराळा. तीस-चाळीस वर्षे रोज शव उघडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसते ते लिहायला नमुन्यात एकही रकाना का नसावा? माझ्या प्रकरणात स्वतःच्या हाताने श्वासनलिका उघडून आत पाहणारा माणूस बहुधा एकच होता. त्याचा जबाब कोणी घेतला नाही. मीही नाही, आणि तो तर आपण होऊन माझ्याशी बोलला होता. २००३ मध्ये मी चौकशी केली तेव्हा तो दोन वर्षांपूर्वीच वारला असल्याचे कळले.

सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ साली कोठडीतील मृत्यूंच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे असे राज्यांना लिहिले आणि १९९७ साली त्यासाठी एक आदर्श नमुना पाठवला. तो नमुना मी पाहिला आहे. त्यात शरीराच्या बारीकसारीक भागांचे स्वतंत्र रकाने आहेत, 'हेल्दी' लिहून पुढे सरकणे अवघड व्हावे असा तो आहे. पण तो कोठडीतल्या मृत्यूंसाठी. स्वयंपाकघरातल्या मृत्यूला जुनाच कागद. २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली. सुनांच्या मृत्यूची आमच्याकडेच राहिली. मुंबईत १८७१ च्या कायद्याने कॉरोनर असे. मृत्यूचे कारण शोधणे हेच त्याचे काम होते. माझ्या पिढीच्या मुंबईकरांना ते नाव वर्तमानपत्रांतून आठवत असेल. ते पदही १९९९ साली बंद झाले आणि मुंबईतही हे काम पोलिसांकडे आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७४ चे १९४ झाले आहे आणि पंचनाम्याचा अहवाल चोवीस तासांत पाठवण्याचे बंधन आले आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे, चित्रीकरण व्हायचे आहे. पण हे सर्व घटनास्थळी. ओट्याजवळ कोण उभे राहणार याबद्दल संहिता पूर्वीइतकीच मुकी आहे.

दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून शव न चिरता सी.टी. स्कॅनने तपासण्याची सोय आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी या पद्धतीला चालना दिली. नातलगांना शव चिरणे नकोसे वाटते, त्यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. मोडलेले हाड, शरीरात राहिलेली गोळी तिच्यात उत्तम दिसते. मात्र स्कॅनच्या चित्राला रंग नसतो. श्वासनलिकेच्या अस्तरावरची पातळ काळी फिकुटी आणि रक्ताची लाली पाहायला अजून तरी डोळाच लागतो, आणि डोळ्याला उजेड लागतो. मला विचाराल तर देशातल्या चीरघरांना आधी दिवा आणि नळ द्यावा. आपल्याच हवामानातले संशोधनही हवे. मृत्यूची वेळ ठरवण्यासाठी जर्मनीच्या हेन्सगे यांनी शरीराच्या तापमानावरून जो आलेख बांधला, त्याचा पायाच असा की शव भोवतालच्या हवेपेक्षा गरम असते आणि हळूहळू निवते. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, शव निवत नाही.

२००४ साली मी एका जिल्ह्याचा कलेक्टर झालो तेव्हा एक प्रयोग करून पाहिला. डॉक्टरांच्या मतावर कलेक्टरचा अधिकार चालत नाही आणि चालूही नये, म्हणून सिव्हिल सर्जनशी बोलून विनंतीच्या स्वरूपात तो सुरू केला. पंचनाम्याबरोबर जाणाऱ्या कागदांचे दोन भाग केले. पहिल्या कागदावर वय, लिंग, शव कोठे व कसे सापडले, शेवटचे जिवंत केव्हा पाहिले, खोलीत उष्णता किती होती एवढेच. नातलगांचे जबाब आणि पंचांचे मत एका बंद लिफाफ्यात. डॉक्टरांनी शव पाहून बाहेरच्या-आतल्या नोंदी लिहायच्या, सही करायची, मग शव शिवण्यापूर्वी लिफाफा उघडायचा, वाचायचे, वाटल्यास पुन्हा पाहायचे, आणि त्यानंतरच मृत्यूचे कारण लिहायचे. नोंदींच्या कागदावर ज्याने शव उघडले त्या कर्मचाऱ्याला काय दिसले, अशीही एक ओळ ठेवली.

डॉक्टर वैतागले. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, 'सर, रुग्ण आला तर आम्ही आधी हकीकत विचारतो. इथे आम्हाला आंधळे का करता?' त्यांचा मुद्दा अगदी रास्त होता आणि शिवण्यापूर्वी लिफाफा उघडण्याची अट त्यांच्याशी झालेल्या वादातूनच आली. पोलिसांना दोन कागद शिवणे जड जात होते. कर्मचाऱ्याच्या ओळीत बहुतेक वेळा 'कुछ नहीं' एवढेच असे. तरीही एकदा विहिरीत सापडलेल्या एका शेतमजुराच्या नोंदींत डॉक्टरांनी श्वासमार्गात फेस नाही, गाळ नाही, फुप्फुसे फुगलेली नाहीत असे लिहून सही केली, मग लिफाफा उघडला आणि त्यात 'बुडून मृत्यू' वाचले. त्यांनी मला स्वतः फोन केला. डायाटम, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांच्या तपासणीसाठी मांडीचे हाड आणि विहिरीचे पाणी राखून ठेवतो आहे, असे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. प्रयोगशाळेचा अहवाल यायला चौदा महिने लागले. तोवर मी त्या जिल्ह्यात नव्हतो.

माझ्यानंतर लिफाफे तीनेक महिने चालले असे ऐकले. सिव्हिल सर्जनही बदलले होते. वर्षभराने त्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीतून माझ्या जुन्या प्रवासभत्त्याच्या बिलाबद्दल एक पत्र आले. ते त्याच खाकी लिफाफ्यात होते. वर छापलेले 'शव परीक्षण के बाद ही खोलें' हे शब्द शाईने खोडलेले होते आणि शेजारी माझे नाव लिहिलेले होते.